शेवटचा सवाल गावाचा

आबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचं डोकं एका भोंग्यात होतं. धुळ्याच्या एका कॉलेजात मला ग्रंथपालाची नोकरी लागली होती आणि खोली शोधत मी भर उन्हात गल्ल्या पालथ्या घालत होते. धुळ्यात गल्ल्यांना नावं कमी आणि नंबर जास्त. त्यातल्याच एका नंबरच्या गल्लीत साउंडवाल्या आबांची वरची खोली रिकामी असल्याचं कळलं. खाली त्यांचं गोदाम होतं. भोंगे, वायरींची भेंडोळी, लाकडी पेट्यांतली मशिनं, बांबू, सगळं एकमेकांच्या अंगावर रेललेलं. निवडणुका नसल्या की भोंग्यांत गांधीलमाश्या घर करतात. ते घर खरवडण्यासाठी आबा आत डोकं घालून बसले होते. मी हाक मारली. "कोन शे?" हा प्रश्न भोंग्यातून असा बाहेर आला की समोरच्या पिठाच्या गिरणीतला माणूसही दचकून आमच्याकडे बघायला लागला.

तोवर भेटलेल्या घरमालकांनी माझी जात, माझं लग्न आणि मी अंडी खाते का, हे विचारून घेतलं होतं. आबांनी यातलं काहीच विचारलं नाही.

"मत कोठे शे तुमनं?"

"यावलला. आईवडील तिकडेच असतात."

"मतदानना दिन जातस का तठे?"

"बघू," मी म्हटलं.

"बघू म्हणणाऱ्याला आम्ही खोली देत नाही," आबा एकदम शुद्ध मराठीत म्हणाले. रागावले की ते शुद्ध मराठीत बोलतात, हे मला पुढे कळलं. एरवी घरी, दारी, पुढाऱ्यांशी आणि मांजराशी त्यांची अहिराणीच चाले.

मी दमले होते. बरं बाबा, जाईन, असं म्हणून टाकलं. तर आबांचं तोंड आणखीच उतरलं. "इतल्या लवकर कबूल? वाद घालता येस नही का तुमले?" मग मात्र माझं डोकं फिरलं. खोलीला खिडकी एकच, तीही पश्चिमेला, मे महिन्यात माणूस आत भाजून निघेल, जिन्याला कठडा नाही आणि वर तुम्ही भाडेकरूचं मत विचारता, असं सगळं मी एका दमात सुनावलं. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. कठडा मात्र मी खोली सोडेपर्यंत बसला नाही.

दिवसभर मी "शांतता राखा" अशी पाटी असलेल्या दालनात बसायची आणि संध्याकाळी या घरात परत यायची. आबांचा आवाज म्हणजे काय सांगू. ते दूधवाल्याला अर्धा लिटर म्हणाले की आख्ख्या गल्लीला कळायचं, आबांकडे आज पाहुणे नाहीत. त्यांची बायको वारून बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. स्वयंपाक ते स्वतःच करत. म्हणजे काळ्या मसाल्याची झणझणीत शेवभाजी करत आणि बाकीच्या जेवणाला स्वयंपाक म्हणायचं की नाही यावर माझ्याशी वाद घालत.

माझं पहिलं मतदान आलं ते लोकसभेचं. ऐन उन्हाळा, सुट्टीचा दिवस. आदल्या दिवशीच मी ठरवलं होतं की कूलरसमोर लोळायचं आणि यावलला फोन करून सांगायचं, बस मिळाली नाही. सकाळी नळावर पाणी भरायला खाली उतरले आणि परत वर गेले तर माझ्या दाराला कुलूप. पायरीवर माझी पर्स, पाण्याची बाटली आणि चपला. खाली आबा लुना चालू करून उभे.

"आबा, हे काय?"

"संध्याकायले या. शाई दाखाडा, कुलूप उघडस."

मी घरमालकाच्या अधिकारांवर मोठं भाषण केलं. आबांनी ते स्टँडपर्यंत मागे वळून न बघता ऐकलं आणि चोपड्याच्या गाडीत मला बसवून दिलं. तिथून यावल. घामाने चिंब होऊन, आईच्या हातचं जेवून, मतदान करून मी रात्री परतले तर आबा ओट्यावरच होते. बोटावरची शाई त्यांनी बॅटरीच्या उजेडात पाहिली.

"कोनासंगे वाद जया तठे?"

"कुणाशी नाही. रांगेत उभी राहिले, बटण दाबलं, आले."

"मंग गयात कसाले? बटन ते माकड बी दाबी."

कुलूप उघडलं, पण दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांच्या लेखी मी अर्धंच मतदान केलं होतं. रांगेत पुढच्या-मागच्याशी बोलायचं, तो कुणाला का देतोय ते काढून घ्यायचं, आपलं सांगायचं, थोडं तापायचं, मग आत जायचं. त्यांच्या डोक्यात मतदान हा एवढा कार्यक्रम होता. स्वतः त्यांनी कुणाला मत दिलं हे मात्र त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. "मना धंदा बठ्ठासना शे," एवढंच म्हणत.

आणि धंदा खरोखरच सगळ्यांचा होता. धुळे, साक्री, शिंदखेडा, पलीकडे अमळनेरपर्यंत कुठल्याही पक्षाची सभा असो, भोंगे आबांचे. सकाळी एका पक्षाचा झेंडा बांधलेल्या टेम्पोतून ते निघत आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या. भाषण चालू झालं की आबा स्टेजजवळ थांबत नसत. तारेच्या कडेकडेने चालत चालत गावाच्या टोकाला, शेवटच्या भोंग्याखाली जाऊन उभे राहत. तिथे ओट्यांवर बसलेली माणसं ऐकतायत की आपापसात बोलायला लागलीत, हे बघत. घरी आल्यावर मी विचारायची, कसं झालं भाषण? "दुसरा खांबलगून गयं," ते म्हणत. म्हणजे दुसऱ्या खांबापुढे ते कुणी ऐकलं नाही. आवाज पोचला होता, भाषण पोचलं नव्हतं. चांगल्या चांगल्या वक्त्यांना त्यांनी तिसऱ्या खांबावर नापास केलं होतं. एकदा एका साध्या झेडपीच्या उमेदवाराचं भाषण शेवटच्या खांबापर्यंत गेलं म्हणून मला मध्यरात्री उठवून सांगायला आले होते. तो पडला. आबा म्हणाले, पडू दे, भाषण गेलं ना.

माइक तपासायचीही त्यांची रीत होती. दुसरे लोक हॅलो हॅलो करतात. आबा माइक हातात घेऊन विचारत, "मांगे बसेल बाया, तुमले ऐकाले ई राहिनं का?" आणि मागून एखादी तरी बाई हात हलवेपर्यंत कुणाला बोलू देत नसत. मोठ्या पुढाऱ्यांना यात पाच-दहा मिनिटं ताटकळावं लागे. बाया पण खट. मुद्दाम हात हलवायच्या नाहीत.

पण आबा खरे ओळखले जायचे ते त्यांच्या अटीमुळे. सभा ठरवायला कार्यकर्ते आले की आबा तारीख विचारत, गाव विचारत, किती भोंगे लागतील ते सांगत आणि उठता उठता म्हणत, "भाषन तुमनं. शेवटला सवाल गावना." म्हणजे भाषण संपल्यावर मशीन लगेच बंद होणार नाही. माइक आबा घेणार, लोकांतल्या एका माणसाच्या हातात देणार, तो एक प्रश्न विचारणार आणि पुढाऱ्याने उत्तर द्यायचं. एकच प्रश्न. पण तो सगळ्या भोंग्यांवरून. ज्याला हे मान्य नसेल त्याने साउंड दुसरीकडून आणावा. दुसरीकडचा साउंड मध्येच बंद पडत असे, म्हणून सगळे मान्य करत. गावांनाही इतकी सवय झाली होती की घोषणा झाल्या, हार उतरले, तरी लोक उठत नसत.

माइक कुणाला द्यायचा, हे आबाच ठरवत. वर हात करणाऱ्याला कधीच नाही. "हात वर करनारा घरथून सवाल पाठ करी येस," असं त्यांचं म्हणणं. ते गर्दीतून फिरत आणि जो मान खाली घालेल, ज्याला वाटेल आपल्याला नको, त्याच्यापुढे माइक धरत. एकदा मुंबईहून एक मोठे साहेब आले होते. आबांनी माइक एका म्हाताऱ्यापुढे धरला. तो आधी नाही नाही म्हणाला आणि मग हळूच म्हणाला, "साहेब, मांगला डाव तुम्ही बैलगाडीवर उनथात, रस्ता खराब व्हता म्हनीसन. आते हेलिकॉप्टरवर उनात. रस्ता तोच शे." साहेब हसले, लोक हसले, आणि रस्ता काही महिन्यांनी खरंच झाला. पुढच्या पावसाळ्यात तो वाहून गेला, पण ते आबांच्या खात्यात धरायचं कारण नाही.

दरवेळी असं रंगायचं नाही, हेही सांगितलं पाहिजे. पुष्कळदा माइक हातात आला की माणूस गांगरून "जय हिंद" म्हणायचा आणि खाली बसायचा. मी आबांना म्हणायची, तुम्ही लोकांवर जबरदस्ती करता, न बोलण्याचाही हक्क असतो माणसाला. ते म्हणायचे, तो तर त्याला रोजच आहे, एक दिवस दुसरा हक्क वापरू दे. मी म्हणायची, तुमच्या एका प्रश्नाने काय फरक पडतो? मग रात्रीच्या जेवणापर्यंत आमचं जुंपायचं. मी जी बाजू घेईन त्याच्या उलट ते घेत. एकदा मी मुद्दाम त्यांचीच बाजू घेतली, तर त्यांनी तीही उलटी करून दाखवली आणि स्वतःच्या अटीविरुद्ध इतकं चांगलं बोलले की मलाच ती अट वाचवावी लागली.

आज मी नाशिकला मोठ्या सोसायटीत राहते. आमच्या ग्रुपवर वर ठळक सूचना आहे, राजकीय चर्चा करू नये. कुणी करत नाही. लिफ्टमध्ये भेटलं की गुड मॉर्निंग म्हणतो. निवडणुकीच्या आदल्या संध्याकाळी मी गॅलरीत उभी असते आणि समोरच्या खिडक्यांतून एकाच वेळी चार चॅनेलवरची चार माणसं ओरडताना ऐकू येतात, तेव्हा मला आबांची आठवण येते. आबा आता नाहीत. माझ्याशी भांडायला त्या ओट्यावर कुणीतरी बसलेलं असावं, एवढीच माझी इच्छा आहे आणि ती काही फार मोठी नाही.

आबांना जवळचं माणूस एकच. त्यांची मोठी बहीण. त्यांना आबा अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणायची. साक्री तालुक्यात दिलेली, नवरा वारलेला, एक मुलगा. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. म्हातारी झाली तरी लेक ती लेक. भाऊ मुराळी होऊन तिला आणायला जातो. आबाही दरसाल जात आणि अक्कांना लुनावर नव्हे, खास टॅक्सी करून आणत. मग चार दिवस त्या घरात खापरावरच्या पुरणपोळ्या व्हायच्या, आमरस व्हायचा, गल्लीतल्या बायका झोक्यावर गाणी म्हणायला यायच्या आणि आबांचा आवाज चक्क निम्मा व्हायचा. अक्का बारीक, अबोल. आबा दहा वाक्यं बोलले की त्यांचं एक. पण ते एक आबा ऐकत. मला त्या चार दिवसांत दोन्ही वेळा खालीच जेवायला लागायचं, नाही म्हणायची सोय नव्हती.

अक्कांचा मुलगा हुशार होता. तरुण, शिकलेला, बोलका. आबांनीच त्याला लहानपणी गोदामात उभं करून रिकाम्या माइकवर बोलायला शिकवलं होतं. तो सरपंचपदाला उभा राहिला तेव्हा आबांना इतका आनंद झाला की त्यांनी भोंगे नव्याने रंगवून घेतले. शेवटच्या सभेला मीही गेले होते. अक्कांनी जेवायला बोलावलं होतं आणि आबा म्हणाले, चला, जरा जिवंत पुस्तक बघा.

भाच्याचं भाषण सुंदर झालं. पाणी, शाळा, रस्ता, सगळं मुद्देसूद. आबा शेवटच्या भोंग्याखालून जवळजवळ धावत परत आले. मला म्हणाले, "शेवटलगून गयं." त्यांचे डोळे भरले होते. मग ते स्टेजवर चढले आणि नेहमीप्रमाणे माइक हातात घेऊन म्हणाले, "आते गावना सवाल."

भाच्याच्या दोन मित्रांनी येऊन त्यांच्या कानात सांगितलं की आज राहू द्या, वेळ संपत आली आहे. आबा हसले. त्यांना खरोखरच वाटत होतं की ही त्याला भेट आहे. इतकी वर्षं परक्यांना प्रश्नासमोर उभं केलं, आज आपलं पोर उभं राहील आणि साऱ्या गावासमोर नीट उत्तर देईल. गर्दीतून फिरत ते मागे गेले. नदीकडच्या वस्तीतली एक बाई उठून निघायच्या बेतात होती. आबांनी तिच्यापुढे माइक धरला.

ती म्हणाली, "तुमना घरना नळले रोज पानी येस. आमना वस्तीमा आठ दिनमा एक डाव. तू सरपंच व्हयना ते तुमनं पानी कमी व्हई, का आमनं वाढी?"

सगळ्या भोंग्यांवरून ते गावभर गेलं. अक्कांच्या घराला टाकीच्या मुख्य लाइनवरून वेगळं कनेक्शन होतं. त्यांच्या नवऱ्याने हयात असताना घेतलेलं. गावाला माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. भाचा आधी हसला, मग म्हणाला की हा विरोधकांचा डाव आहे. मग त्याचा आवाज चढला. मग तो म्हणाला, "मामा, माइक बंद करा." आबांनी माइक बंद केला नाही. ते हात पुढे धरून उभेच राहिले, उत्तराची वाट बघत. मी बायकांत बसले होते. माझ्या शेजारी अक्का होत्या. त्यांनी पदर नीट केला आणि त्या उठून घरी गेल्या.

भाचा थोडक्यात पडला. त्यानंतरच्या आखाजीला आबा टॅक्सी घेऊन साक्रीला गेले आणि एकटे परत आले. अक्कांनी त्यांना जेवू घातलं होतं, आणि निघताना एकच वाक्य बोलल्या होत्या. "तुना तो सवाल बंद कर. मंग येस मी."

आबांनी मला ते वाक्य सांगितलं आणि त्या दिवशी शेवभाजी केली नाही. मी म्हटलं, आबा, एक प्रश्न तो काय, सोडून द्या. सख्खी बहीण आहे.  आबा शुद्ध मराठीत म्हणाले, "परक्यांच्या वेळी चालू ठेवायचा आणि आपल्या वेळी बंद करायचा, हे मला जमणार नाही." रागावलेले होते, पण कुणावर ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढची काही वर्षं हेच चाललं. आखाजी जवळ आली की आबा अस्वस्थ व्हायचे. गल्लीतल्या लेकी यायच्या, समोरच्या लिंबाला झोके बांधले जायचे, आणि हे आपलं गोदामात भोंगे पुसत बसायचे. सणाच्या आदल्या दिवशी टॅक्सी करून जायचेच. अक्कांना समजावायला वाटेत मुद्दे जुळवत जायचे. परतल्यावर मला सांगायचे, यंदा मी तिला असं असं म्हणालो, तिच्याकडे उत्तरच नव्हतं. मी विचारायची, मग आल्या का? त्यावर ते जिना उतरून जायचे. मला त्या घरातल्या शांततेची भीती वाटायला लागली होती. मी, जी पहिल्या महिन्यात कानात कापूस घालून झोपायची.

आणि सवाल चालूच राहिला. बहीण गमावून चालवलेला सवाल. त्यामुळे आबा त्यात आणखीच कडक झाले. पण पुढे तो चालवायला जागाच उरली नाही.

विधानसभेच्या निवडणुका लागल्या आणि कुणी कार्यकर्ता तारीख घेऊन आला नाही. आबांनी गोदाम झाडून ठेवलं होतं, टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं होतं. एका संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी मोठी गाडी येऊन उभी राहिली. मागे भलामोठा पडदा, त्यावर नेता बोलतोय, खाली गाणं वाजतंय. आबा माझ्यासकट बघायला गेले. त्यांनी गाडीला एक पूर्ण फेरी मारली. पडद्याच्या कडेने हात फिरवून पाहिला, ड्रायव्हरच्या बाजूला वाकून पाहिलं.

"माइक कोठे शे याले?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"माइक नाही, आबा. पेन ड्राइव्ह आहे."

"मंग लोकेसनी यामा बोलानं कोठून?"

ड्रायव्हर पोरगेलासा होता, चांगला होता बिचारा. त्याला प्रश्नच कळेना. म्हणाला, "याच्यात बोलायचं नसतं, आबा. ही फक्त वाजते." आणि पुढच्या गल्लीला गेला. दुसऱ्या दिवशी विरुद्ध पक्षाची गाडी आली. ती या गाडीपेक्षा मोठी होती. आबा ती बघायला गेले नाहीत.

त्या निवडणुकीत त्यांना एकही सभा मिळाली नाही. पूर्वी लग्नाची कामं येत, पण लग्नातही आता डीजे लागतो. एका दुपारी भंगारवाल्याला बोलावून त्यांनी निम्मे भोंगे देऊन टाकले. मी कॉलेजातून आले तर गोदामाची एक भिंत मोकळी दिसत होती. आम्ही दोघं ओट्यावर बसलो. मी मुद्दाम काहीतरी भांडणाचं बोलले, पूर्वी ज्यावर तासभर निघाला असता असं. आबा म्हणाले, "तुमनं बरोबर शे." त्यांनी मला बरोबर म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं आणि मला रडू आलं.

त्यानंतरच्या आखाजीला आबा साक्रीला गेले नाहीत. टॅक्सी सांगितली नाही. म्हणाले, आता कोणत्या तोंडाने जाऊ, अक्काची अट आपोआप पुरी झाली आणि मी ती पुरी केलेली नाही. सणाच्या सकाळी मी जिना उतरत होते, तर दारात रिक्षा थांबली आणि अक्का उतरल्या. हातात पिशवी, पिशवीत खापर. भाच्याने सोडायला येतो म्हटलं तर त्यालाही घेतलं नव्हतं. एसटीने एकट्या आल्या होत्या. मुराळी नसताना.

आबा दारात आडवे उभे राहिले. मला वाटलं पाया पडतील. पण तो माणूस असा की आधी हिशेब साफ केला. "अक्का, सवाल मी बंद नही कया. लोकेसनी माले बलावनं बंद कयं. तुले परत जानं व्हई ते जा."

"माहीत शे माले," अक्का म्हणाल्या. "सरक. मझार येऊ दे."

दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. रस, पोळी, सगळं अक्कांनी केलेलं. गल्लीतून झोक्यावरची गाणी ऐकू येत होती. आबांनी थोडा वेळ दम धरला आणि मग सुरू झाले. त्या दिवशी माइक बंद न करण्यामागे काय होतं, प्रश्नाला सामोरं जाणं म्हणजे काय, पोरगा त्या बाईला नुसतं 'आमचं कमी होईल' म्हणाला असता तरी निवडून आला असता. सगळे मुद्दे नीट जुळवलेले. त्यांनी ते मला दरवर्षी ऐकवले होते. अक्का मान खाली घालून जेवत होत्या.

मग त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. "भाऊ, माले एक इचारनं शे."

"इचार ना."

"सभाना दुसरा दिन मी तो नळ कापी टाका. मानूस बलाईसन, मना डोयासमोर. तवयपाईन मी बी वस्तीना नळवर लाइनमा उभी ऱ्हास. दर आखाजीले तू उना, मना ओटावर बसना, मी आनेल पानी पिना, माले समजाडं आनि निंघी गया. ते पानी कोठलं शे, तू इचारं का कधी?"

आबा म्हणाले, "तू बोलतच नव्हती ना, अक्का."

"गावमा ज्या बोलतस नही, त्यासना हातमा माइक देस तू," अक्का म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मी बी बोलत नव्हतू. माले का नही दिधा?"

आबांचा हात ताटातच राहिला. त्या माणसाला मी पुढाऱ्यांशी, पोलिसांशी, माझ्याशी, कुणाशीही बोलताना अडलेलं पाहिलं नव्हतं.  मग ते ताट बाजूला सारून अक्कांच्या जवळ सरकले आणि इतक्या हळू बोलले की मला ते ओठांवरून कळलं.

"त्या दिन तुले काय सांगनं व्हतं, अक्का?"

मी हात धुतले आणि वर निघून आले. त्या घरात खाली आबा नुसते खाकरले तरी वर कळायचं. मी पश्चिमेच्या त्या खिडकीत ऊन झेलत संध्याकाळपर्यंत बसून होते, आणि खालून एक शब्द वर आला नाही. अक्का बोलतायत हे मला कळत होतं, कारण आबांचा आवाज येत नव्हता.